‘जगांतील पहिली स्त्री-पंच’: एका विधानाची छाननी

गेल्या वर्षीं आमच्या धर्मग्रामांतील मुलींच्या फुटबॉल-सामन्यांचा बक्षिससमारंभ झाला, तेव्हां भाषणाच्या भरांत आम्हीं एक विधान ठोकून दिलें. ब्राझील देशांतील लेआ कांपोस ह्या बाई जगांतील पहिल्या स्त्री-पंच होत, असें आम्ही म्हणालों. टाळ्या पडल्या. एवढ्यावरच तें राहतें तर बरें होतें. परंतु आमच्या तरुण मंडळानें तें वाक्य उचलून मैदानाकडील भिंतीवर निळ्या रंगांत रंगवून घेतलें, आणि ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंतहि तें छापण्याचें ठरलें. पुढें आठवड्याभरानें आठव्या इयत्तेंतील एक मुलगी कचेरींत आली आणि अगदीं अदबीनें म्हणाली, "फादर, ऑस्ट्रियांत त्यांच्याहि आधीं एक बाई पंच होत्या असें मीं वाचलें आहे. मग भिंतीवरचें खरें, कीं तें खरें?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आपण तें विधान कोठें वाचलें, कोणाच्या तोंडून ऐकलें, हेंहि आम्हांस धड सांगतां येईना.

ज्या माणसाच्या हातून पंचवीसांहून अधिक वर्षें बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या गेल्या आहेत, त्यानें अशी चूक करावी ही लाजेची गोष्ट होय. विवाहाचा दाखला मागावयास कोणी आला, तर वही काढून, पान पाहून, नांव, बापाचें नांव, साक्षीदार आणि तारीख ताडून मगच आम्ही सही करतों. मागणारा अगदीं रोजच्या ओळखीचा असला तरीहि. इतकें असून व्यासपीठावर उभें राहून आम्हीं अख्ख्या जगाचा दाखला वही न पाहतां देऊन टाकला! तेव्हां प्रायश्चित्त म्हणा कीं कर्तव्य म्हणा, हा लेख लिहावयास आम्ही बसलों आहों.

‘पहिला’ ह्या शब्दाचा मोह ख्रिस्तसभेस नवा नाहीं. सतराव्या शतकांत अँटवर्प येथील कांहीं येशूसंघी पंडितांनीं संतांचीं चरित्रें मूळ हस्तलिखितांवरून तपासून छापण्याचें प्रचंड काम हातीं घेतलें. १६४३ सालीं जानेवारी महिन्यांतील संतांचे ग्रंथ बाहेर पडले, आणि ह्या मंडळीस त्यांचे अग्रणी जॉन बोलांड ह्यांच्या नांवावरून बोलांडिस्ट म्हणूं लागले. त्यांच्यापैकीं डॅनियल पापब्रोख नांवाच्या विद्वानानें असें दाखविलें कीं, कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्यानें केली ह्यास इतिहासाचा आधार नाहीं. तो संघ बाराव्या शतकाच्या सुमाराचा. झालें! केवढा गहजब उडाला! स्पेनच्या धर्मन्यायासनानें १६९५ सालीं त्यांचे ग्रंथ निषिद्ध ठरविले, आणि ती बंदी उठावयास १७१५ साल उजाडावें लागलें. पापब्रोख त्याच्या आदल्याच वर्षीं निवर्तले होते. कार्मेल संघाची थोरवी मात्र ह्या शोधानें तसूभरहि उणी झाली नाहीं. आविलाची संत तेरेजा आणि क्रूसाचा संत योहान हीं काय एलियाच्या वंशावळीच्या जोरावर संत झालीं?

असो. आपल्या विषयास हात घालण्यापूर्वीं ‘पंच’ ह्या शब्दाविषयीं दोन अक्षरें. आमच्या गांवीं पंच म्हटले कीं पारावर बसलेले पांच जण डोळ्यांपुढें येतात; मैदानावरचा पंच एकटा असतो. फुटबॉलमध्येंहि आरंभीं तसें नव्हतें. इंग्लंडांत दोन्ही संघ आपापला एकेक पंच आणीत, आणि त्या दोघांचें पटलें नाहीं तर मैदानाबाहेरच्या तिऱ्हाइताकडे वाद जाई. १८९१ सालीं नियम बदलला. तो तिऱ्हाईत मैदानांत उतरला आणि आधींचे दोघे कडेच्या रेषेवर गेले. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ‘सामना चालविला’ ह्या दोन शब्दांचा अर्थसुद्धां काळागणिक बदलला आहे. मग ‘पहिल्यानें चालविला’ हें म्हणणें किती जपून म्हणावें!

लेआबाईंचें मूळ नांव आसालेआ. जन्म १९४५ सालचा, ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतांतील आबाएते गांवचा. येथेंच पहिली अडचण उभी राहते. कोठें त्या आसालेआ दि कांपोस मिकेली असतात, कोठें नुसत्या लेआ कांपोस, आणि कोठें त्यांच्या नांवामागें फोर्नेरो मेदिना हीं नांवें जोडलेलीं आढळतात. वरवर वाचणाऱ्यास ह्या तीन निरनिराळ्या बाया वाटाव्या. नोंदवह्यांशीं संबंध आलेल्या कोणाहि धर्मगुरूस ही गोष्ट परिचयाची आहे: एका पानावर माहेरचें नांव, दुसऱ्यावर सासरचें, आणि गांवांत हांक मारावयाचें तिसरेंच. हीं सर्व नांवें एकाच स्त्रीचीं आहेत अशी खात्री करून आम्ही पुढें गेलों.

तरुणपणीं त्यांनीं सौंदर्यस्पर्धा जिंकल्या, आणि क्रुझेइरो ह्या नामांकित क्लबाच्या प्रसिद्धीचें काम केलें. संघाबरोबर देशभर फिरतां फिरतां फुटबॉलची गोडी वाढली. परंतु खेळणार कोठें? १४ एप्रिल १९४१ रोजीं, जेतुलिओ वार्गास ह्यांच्या अमदानींत, ३१९९ क्रमांकाचा हुकूम निघाला होता, आणि त्याच्या ५४ व्या कलमानें स्त्रियांस त्यांच्या प्रकृतीशीं न जुळणारे खेळ खेळण्याची मनाई केली होती. ह्या कलमांत फुटबॉलचें नांव नाहीं, हें पुष्कळ लेखकांच्या ध्यानांत येत नाहीं. तें नांव राष्ट्रीय क्रीडामंडळाच्या १९६५ च्या ठरावांत स्पष्टपणें आलें. बंदी उठली ती १९७९ सालीं. मुलींचे सामने भरविल्याबद्दल आपणांस निदान पंधरा वेळां पकडून नेलें होतें, असें लेआबाईंनीं सांगितलें आहे.

परंतु मनाई होती ती खेळण्यास. शिट्टी वाजविण्याविषयीं त्या कलमांत चकार शब्द नव्हता. ही फट लेआबाईंनीं अचूक हेरली. १९६७ सालीं त्यांनीं पंचांचा आठ महिन्यांचा अभ्यासक्रम पुरा केला. पण परवाना द्यावयाचा तो ब्राझीलच्या क्रीडासंघानें, आणि त्या संघाचे अध्यक्ष होते जोआओ हावेलांज. स्त्रीचें शरीर ह्या कामास योग्य नाहीं, मासिक धर्माच्या दिवसांत तिला हें काम झेपणार नाहीं, आणि आपण त्या जागेवर असेंपर्यंत कोणी स्त्री पंच होणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं दिल्याचें लेआबाईंचें कथन आहे. एक बाब येथें वाचकांनीं लक्षांत ठेवावी. परीक्षा १९६७ सालीं झाली आणि परवाना १९७१ सालीं मिळाला. ह्या दोन सालांची गल्लत झाल्यामुळें कांहीं लेखांत त्या १९६७ पासूनच्या पंच ठरतात, कांहींत १९७१ पासूनच्या. दोन्ही सालें आपापल्या ठिकाणीं बरोबर आहेत. मधलीं चार वर्षें गाळणें तेवढें चूक. आमच्या मतें त्यांच्या आयुष्याचा खरा इतिहास त्या चार वर्षांतच आहे. हातीं विद्या आहे, अंगीं पात्रता आहे, आणि दार मात्र बंद.

१९७१ सालीं मेक्सिकोंत स्त्रियांची एक मोठी स्पर्धा भरावयाची होती; तिचें निमंत्रण लेआबाईंस आलें. निमंत्रण आहे पण परवाना नाहीं! तेव्हां लष्करांतील एका अधिकाऱ्याच्या मध्यस्थीनें त्यांनीं थेट राष्ट्राध्यक्ष एमिलिओ मेदिसि ह्यांची भेट मिळविली, आणि मेदिसि ह्यांनीं हावेलांज ह्यांच्या नांवें चिठ्ठी दिली. त्यानंतर हावेलांज ह्यांनीं वृत्तपत्रकारांस बोलावून, ब्राझील आतां स्त्री-पंचास मान्यता देत आहे, असें जाहीर केलें.

मेदिसि ह्यांची राजवट १९६९ पासून १९७४ पर्यंतची. ब्राझीलच्या लष्करी अमलांतील तीं सर्वांत कठोर वर्षें म्हणून गणलीं जातात. कैद्यांच्या छळाच्या कहाण्या त्याच काळच्या. आमच्या एका स्नेह्यानें कच्चा लेख वाचून, ही चिठ्ठीची हकीकत गाळावी, तिनें चांगल्या गोष्टीवर डाग पडतो, असें सुचविलें. आम्हीं ती गाळलेली नाहीं. ज्या दारीं त्या बाईंस न्याय मिळाला, तें दार कोणाचें होतें हेंहि लिहिलेंच पाहिजे. आणि त्याच दारांतून इतर कित्येकांस काय मिळालें हें विसरूं नये.

मेक्सिकोची ती स्पर्धा कांहीं ठिकाणीं ‘विश्वचषक’ ह्या नांवानें येते, आणि मग लेआबाईंस ‘विश्वचषकाचें निमंत्रण मिळालेली पहिली स्त्री-पंच’ अशी आणखी एक पदवी चिकटते. स्पर्धा थोर होती ह्यांत संशय नाहीं. राजधानींतील आस्तेका मैदानावर अंतिम सामन्यास एक लाखाच्या वर प्रेक्षक होते, आणि डेन्मार्कनें मेक्सिकोस ३-० असें हरविलें. पण ती फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाची, स्पर्धा नव्हती. फिफाचा स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९९१ सालीं चीनमध्यें झाला.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. तिचें म्हणणें बरोबर होतें. व्हिएन्ना शहरांत १९३० नंतरच्या दशकांत स्त्रियांचे फुटबॉल-संघ होते, आणि तेथील एडिथ क्लिंगर ह्या बाई पंचाचें काम करीत. १९३५ सालाशीं त्यांचें नांव जोडलें जातें. म्हणजे लेआबाईंच्या जन्माच्याहि आधीं! स्वीडनकडून इंग्रिड होल्मग्रेन ह्यांचें नांव पुढें येतें, त्यांची अर्हता १९६६ ची सांगतात. तुर्कस्तानकडून द्राहशान आर्दा ह्यांचें नांव येतें. त्या लेआबाईंच्याच वयाच्या, आणि त्यांचा मान तुर्क लोक मोठ्या अभिमानानें सांगतात. प्रत्येक देश आपल्या लेकीस जगांतील पहिली म्हणतो. ह्यांत लबाडी कोणाचीच नाहीं. एकजण परीक्षेची तारीख धरतो, दुसरा परवान्याची, तिसरा प्रत्यक्ष चालविलेल्या सामन्याची. कोणी फक्त पुरुषांचे सामने मोजतो, कोणी स्त्रियांचेहि. ‘पहिली’ हें विशेषण एकटें उभें राहूं शकत नाहीं. कोणत्या देशांत, कोणत्या संस्थेच्या वहींत, कोणत्या सामन्यास, असें त्यास टेकू दिले कीं मग तें नीट उभें राहतें. लेआबाईंविषयीं टेकू देऊन म्हणावयाचें तर असें: ब्राझीलच्या राष्ट्रीय क्रीडासंघानें मान्य केलेल्या त्या पहिल्या स्त्री-पंच. ‘जगांतील’ हा शब्द आम्हीं मागें घेतला आहे.

परंतु वही पाहून बोलावें एवढें म्हणून भागत नाहीं. ती वही कोणीं ठेवली हेंहि विचारावें लागतें. इंग्लंडांत २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूल येथील गुडिसन पार्क मैदानावर मुलींचा एक सामना झाला. प्रेस्टन येथील कारखान्यांतल्या कामकरी मुलींचा डिक-कर संघ विरुद्ध सेंट हेलेन्स. सुमारें ५३,००० लोक पाहावयास आले होते. एक वर्षहि लोटलें नाहीं तोंच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, इंग्लंडच्या फुटबॉल संघानें आपल्या सभासद-क्लबांचीं मैदानें स्त्रियांस बंद केलीं. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. जर्मनींतील संघानें १९५५ पासून १९७० पर्यंत तेंच केलें. ब्राझीलची गोष्ट वर आलीच आहे. ज्या खेळास मैदानच नाकारलें, त्या खेळाच्या पंचांची यादी कोण ठेवणार? ओसाड माळावर, गिरणीच्या मागच्या आवारांत कोणा बाईंनीं शिट्टी वाजविली असेल, ती कोणत्याहि संघाच्या दप्तरांत ऐकूं येणार नाहीं.

हें लिहितांना आम्हांस आमच्याच देवळाची जुनी हिशेबवही आठवते. ज्युबिलीसाठीं ती आम्हीं पानोपान चाळली. चुन्याच्या पाट्या, लांकूड, कौलें, गवंड्यांची मजुरी, वर्गणीदारांचीं नांवें, सर्व कांहीं सुवाच्य अक्षरांत आहे. आणि वर्गणीदारांत एकहि स्त्री नाहीं, कारण घराच्या कर्त्या पुरुषाचें नांव लिहावयाची रीत होती. मिस्सा आटोपल्यावर विहिरीपासून माळेनें उभ्या राहून पाणी आणि रेती डोक्यावरून वाहून नेणाऱ्या बायांची कथा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं आहे. वहींत ती नाहीं. उद्यां कोणीं केवळ वहीवरून इतिहास लिहिला, तर हें देऊळ एकट्या पुरुषांनींच बांधलें असें ठरेल. म्हणून वहीस आम्ही साक्षीदार मानतों, न्यायाधीश मानीत नाहीं. तोंडी साक्षीलाहि तोच न्याय. लेआबाईंच्या अटकेच्या आणि हावेलांज ह्यांच्या उत्तराच्या हकीकती आम्हीं ‘त्यांचें कथन’ म्हणून दिल्या आहेत, त्या अविश्वासानें नव्हे. कथन हें कथन म्हणून आणि दप्तर हें दप्तर म्हणून वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याचसाठीं.

अलीकडच्या बातम्यांतहि हा घोळ चालूच आहे. १ डिसेंबर २०२२ रोजीं कतार येथें कोस्टारिका आणि जर्मनी ह्यांचा सामना फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार ह्यांनीं चालविला. रेषेवर ब्राझीलच्या नेउझा बाक आणि मेक्सिकोच्या कारेन दियास ह्या होत्या. दुसऱ्या दिवशीं कित्येकांनीं ‘विश्वचषकांतील पहिली स्त्री-पंच’ असें लिहिलें. त्यांत ‘पुरुषांच्या’ हा एक शब्द राहून गेला, आणि त्या एका शब्दाबरोबर एकतीस वर्षें पुसलीं गेलीं. कारण २९ नोव्हेंबर १९९१ रोजीं, चीनमधल्या त्या स्त्रियांच्या विश्वचषकांत, तिसऱ्या क्रमांकासाठीं स्वीडन आणि जर्मनी ह्यांचा सामना झाला, त्याच्या मुख्य पंच क्लाउदिया वास्कोन्सेलोस ह्या होत्या. फ्रापारबाईंविषयींच २०१९ सालीं असेंहि लिहिलें गेलें कीं, युरोपीय संघाच्या पुरुषांच्या स्पर्धेंत शिट्टी घेणाऱ्या त्या पहिल्या. तेंहि चूक. स्वित्झर्लंडच्या निकोल पेतिन्या ह्यांनीं २००३ सालींच तें केलें होतें. इस्तंबूलचा २०१९ चा सामना लिव्हरपूल आणि चेल्सी ह्यांचा, मोठ्या चषकाचा, हा भेद खरा. परंतु पेतिन्याबाईंचें नांव त्याखालीं गाडलें जाण्याचें कारण काय?

वर वास्कोन्सेलोस ह्यांचें नांव आलें. त्या ब्राझीलच्या. आणि १९९१ सालीं फिफाचे अध्यक्ष कोण होते? तेच जोआओ हावेलांज! १९७४ सालीं ते त्या पदावर चढले, ते १९९८ पर्यंत राहिले. आपण असेंपर्यंत स्त्री पंच होणार नाहीं असें जे म्हणाले होते असें सांगतात, त्यांच्याच कारकीर्दींत, त्यांच्याच देशाच्या बाईंनीं, त्यांच्याच संस्थेच्या विश्वचषकांत शिट्टी वाजविली. १९९९ च्या स्त्रियांच्या विश्वचषकांत तर सर्वच्या सर्व पंच स्त्रिया होत्या. त्यांचे विचार मधल्या काळांत पालटले असतील. माणसाचे विचार पालटतात, आणि पालटावेत म्हणूनच आम्ही पापनिवेदनास बसतों.

लेआबाईंच्या नशिबीं मात्र १९७४ साल निराळें आलें. त्यांची बस अपघातांत सांपडली, पाय गमावण्याची पाळी आली, शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाली, आणि पंचाचें काम कायमचें सुटलें. परवाना मिळाल्यापासून तोंवर अवघीं तीन वर्षें. शंभराच्या आसपास सामने. पुढें उपचारांच्या निमित्तानें त्या अमेरिकेंत गेल्या, तेथेंच कोलंबियाच्या एका क्रीडा-पत्रकाराशीं त्यांनीं संसार थाटला. उतारवयांत त्यांस ओढग्रस्तीचे दिवस आले, तेव्हां ब्राझीलमधील पंचमंडळींनीं त्यांस मदतीचा हात दिला.

आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, आपल्याकडच्या कोण? गोव्याच्या मारिया रिबेलो ह्या भारताच्या स्त्री-संघांतून खेळल्या, आणि पुढें पंच होऊन त्यांनीं पुरुषांच्या राष्ट्रीय सामन्यांतहि शिट्टी वाजविली. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस ह्या २०१६ सालीं जॉर्डन येथें झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकांत सहायक पंच होत्या. ह्या दोघींच्या नांवांमागें ‘पहिली’ हा शब्द आम्हीं मुद्दामच लावलेला नाहीं. आमच्या धर्मग्रामांतल्या ज्या मुलीस हौस असेल तिनें तो तपासून, टेकू देऊन, लावावा.

भिंतीवरचें वाक्य बदललें आहे. नवा मजकूर लिहिण्याचें काम प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडेच सोंपविलें. तिनें लिहून आणलें: ‘लेआ कांपोस, ब्राझील. पंच-परीक्षा १९६७. परवाना १९७१.’ एडिथ क्लिंगर ह्यांचें नांवहि घालावें असा तिचा आग्रह होता. भिंतीवर जागा उरली नव्हती, म्हणून तें फाटकाजवळच्या खांबावर घातलें आहे. रंगाऱ्यानें जुनीं अक्षरें खरवडण्याचे निराळे पैसे मागितले. ते ज्युबिलीच्या निधींतून नव्हे, आमच्या खिशांतून दिले, हें हिशेब तपासणाऱ्यांच्या माहितीसाठीं येथें नमूद करतों.